मधली बारीक तार

कौतूनाकडे कुणी बिघडलेला चार्जर घेऊन आलं की तो वायर लगेच हातात घेत नाही. आधी विचारतो, "कुठल्या भिंतीला टांगला होता?"

"आमच्या खोलीत."

"खोलीला चार भिंती असतात. कुठल्या?"

मग समोरचा हात करून दाखवतो. हात बहुतेक वेळा बाहेरच्या समुद्राकडे असतो. कौतूना मान हलवतो आणि चार्जर घेतो.

आमच्या बेसो बेटावर जमीन इतकी अरुंद आहे की घराची एक भिंत बाहेरच्या समुद्राकडे असते आणि दुसरी प्रवाळाच्या कड्यानं अडवलेल्या आतल्या शांत पाण्याकडे. बाहेरचं वारं मीठ घेऊन येतं. ते प्लगच्या तोंडातून आत शिरतं. तांबं आधी हिरवं होतं, मग काळं पडतं. वरचं रबर नव्यासारखं दिसतं आणि आत तार मेलेली असते. आतल्या पाण्याकडच्या खिळ्यावरचा चार्जर दुप्पट टिकतो. हे तो वर्षानुवर्षं सांगतो. लोक ऐकतात, घरी जातात आणि चार्जर पुन्हा त्याच खिळ्याला अडकवतात, कारण बटण त्याच भिंतीत असतं.

मी बोटी दुरुस्त करायच्या गोदीत वेल्डर होतो. आता डोळे काम देत नाहीत, म्हणून दुपारी त्याच्या मचाणावर जाऊन बसतो. मचाण म्हणजे चार खांबांवर फळ्या, वर झावळ्यांचं छप्पर, बाजू उघड्या. तिथेच त्याचं काम चालतं. काम कसं करतात ते मला कळतं, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो आहे.

तो परक्या मालवाहू जहाजांवर वीजतंत्र्याच्या हाताखाली होता. जहाजांनी आमची माणसं घेणं कमी केलं तेव्हा घरी आला. येताना त्याच्या पेटीत एक चांगला मीटर होता, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न होतं, स्क्रू ड्रायव्हरचा संच होता. गावात लॅपटॉप वाढत होते. कुणाचा मुलगा पाठवायचा, कुणाला शाळेकडून मिळायचा. बिघडला की दाखवायचा कुठे? लोक याच्याकडे यायला लागले.

त्याची कामाची रीत एकच. आधी बघायचं, मग हात लावायचा. चार्जरवर व्होल्टचा आकडा लिहिलेला असतो, तो लॅपटॉपच्या आकड्याशी जुळला पाहिजे. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. वायर प्लगपाशी तुटते, कारण तिथेच ती रोज वाकते. नुसती वरून चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली की तो ती पट्टी काढून आणणाऱ्याच्या हातात देतो. म्हणतो, "ही तुझी. जखम माझी." पंखा घरघरत असेल तर आधी धूळ काढायची. लॅपटॉप पाण्यात पडला असेल तर बॅटरी काढायची आणि आधी पावसाच्या पाण्यानं धुवायचं. हे ऐकून लोक हसतात. भिजलेलं परत भिजवायचं? पण पाणी वाळतं, मीठ राहतं. तांदळात पुरून ठेवलेले लॅपटॉप त्याच्याकडे आले की तो झटकून तांदूळ बाहेर काढतो आणि मिरियाला हाक मारतो, "ये, रात्रीचं जेवण आलंय."

मिरिया त्याची बायको. जिभेची तिखट आणि हाताला कधी उसंत नाही.

"तांदूळ तरी ठेवून घ्या," ती म्हणते. "बाकी काही या घरात टिकत नाही."

हे ती उगाच म्हणत नाही. आमच्याकडे बुबूसी आहे. बुबूसी म्हणजे मागणं. नात्यातलं माणूस दारात येऊन बसतं, इकडचं तिकडचं बोलतं, मग म्हणतं, मी तुझ्याकडे अमुक मागायला आलोय. मागितलं की द्यायचं. नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणाऱ्याची लाज त्याच्या मुलाबाळांना पुरते. आज तो मागतो, उद्या तुम्ही मागता. त्यावर आम्ही सगळे जगलो आहोत. मीसुद्धा माझ्या छपराचे पत्रे मागूनच आणले.

कौतूनाचं गाडं यातल्या एका चाकावर चालतं. तो देतो. मागत नाही. स्क्रू ड्रायव्हरचा संच मेव्हण्यानं मागितला, दिला. बारीक टोकाचं आयर्न पुतण्यानं मागितलं, दिलं. गोल प्लगचे, मध्ये सुईसारखी पिन असलेले दोन चार्जर त्याच्याकडे होते. त्यातला एक पाद्रीबाबांच्या बायकोनं मागितला. ती मिरियाच्या मावशीची मुलगी. दिला. राहिला एक. तो त्याच्या मुलीच्या लॅपटॉपचा होता.

आकोया मोठी मुलगी. शाळा झाल्यावर घरीच होती, कारण कौतूनाची आई अंथरुणाला खिळली होती. म्हातारी अंगानं भरलेली. आकोया तिला कुशीवर वळवायची, पुसायची, चमच्यानं पेज भरवायची. बरीच वर्षं हे चाललं. म्हातारी गेली तेव्हा अंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या, पाठीवर एक व्रण नाही. मी त्या मुलीकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. असं काम गोदीत करणारे पुरुष मी फार बघितले नाहीत.

त्यानंतर बातमी आली की ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला मुली हव्या आहेत. आकोयानं नाव दिलं. पहिली चाळणी ती पार झाली. मग राहिली इंग्रजीची परीक्षा. ती घरून, लॅपटॉपवर, कॅमेरा चालू ठेवून द्यायची. शेवटी तोंडी बोलायचं. परीक्षेचा प्रोग्रॅम त्यांच्या माणसानं तिच्याच लॅपटॉपमध्ये घालून दिला होता, दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालणार नव्हता. फोनवर तर नाहीच. आणि मध्ये बंद पडलं तर परीक्षा दिली असंच धरणार. पुन्हा पुढच्या वर्षी, तेही त्यांनी माणसं मागितली तर.

"म्हणजे पास झालीस तर जायचं?" मी तिला विचारलं.

"जायचं, काका."

"तिकडे थंडी असते."

"आजी म्हणायची, हिचे हात गरम आहेत. चालेल."

परीक्षा गुरुवारी होती. त्याआधी मंगळवारी कौतूनाची मोठी बहीण काएवा आली.

काएवा मायाना बेटावर राहते. चर्चच्या गाण्याच्या मंडळाची ती प्रमुख. उंच, आवाज मोठा, येते तेव्हा आधी आवाज येतो. कुणाच्या तरी लग्नाला बेसोत आली होती आणि बोट त्याच दुपारी परत जाणार होती. मचाणावर बसली, माडी घेतली नाही, पाणी घेतलं. मला म्हणाली, "तू अजून जिवंत आहेस का?"

"तुला गाताना ऐकायचं राहिलंय म्हणून."

"मग मरू नकोस. नाताळात स्पर्धा आहे. सहा बेटांची मंडळं येणार."

मिरियानं भात आणि मासे वाढले. काएवा जेवली, मासे कोरडे झालेत म्हणाली, आणखी घेतले. आकोया जवळच लॅपटॉप घेऊन बसली होती, कानात वायर घालून पुटपुटत होती. इंग्रजी बोलायचा सराव. काएवानं तिच्याकडे बघितलं.

"पोर गाणी पाठ करते का?"

आकोयानं वर बघून हसल्यासारखं केलं.

मग काएवानं मांडीवर हात जुळवले. आमच्याकडे मागायच्या आधी माणूस असा आवरून बसतो. "कौतू, मी तुझ्याकडे मागायला आले."

"बोल, आक्का."

"मंडळाला एक लॅपटॉप मिळालाय. गाण्यांचे सगळे आवाज त्यात आहेत, वरचे, खालचे, वेगवेगळे. तो ऐकूनच बायका शिकतात. चार्जर जळला. गोल तोंडाचा, मध्ये पिन. तसा तुझ्याकडे आहे."

चार्जर तिच्या समोर होता. त्याचं दुसरं टोक आकोयाच्या लॅपटॉपमध्ये होतं.

कौतूनानं चटईकडे बघितलं. चटई केवड्याच्या पानांची, त्याच्या आईनं विणलेली. मिरिया भांडी घेऊन उठली आणि उभीच राहिली. मला वाटलं आता तो सांगेल. नुसतं सांगायचं, गुरुवारी पोरीची परीक्षा आहे. पण असं सांगणं म्हणजे नाही म्हणणं होतं, आणि तो आयुष्यात बहिणीला नाही म्हणाला नव्हता.

"घेऊन जा," तो म्हणाला.

आकोयानं स्वतःच प्लग काढला. वायर सैल गुंडाळली, बापानं शिकवलं होतं तशी, ताणून न वळता. आत्याच्या हातात दिली. काएवानं तिच्या गालाला हात लावला आणि ती बोटीकडे गेली.

ती वळणापलीकडे गेल्यावर मिरिया म्हणाली, "झालं. आता पोरीला पण देऊन टाका कुणीतरी मागितली तर."

"करतो मी," कौतूना म्हणाला.

"काय करता?"

"चार्जर करतो."

छपराखाली त्याचे मेलेले चार्जर टांगलेले होते, वाळत घातलेल्या माशांसारखे. त्यानं सगळे उतरवले. एका चार्जरचा ठोकळा सापडला, व्होल्ट बरोबर, अँपिअर पुरेसे. पण त्याचं तोंड वेगळं होतं. दुसरा एक सापडला, त्याचं तोंड बरोबर, गोल, मध्ये पिन. पण तो बाहेरच्या समुद्राच्या भिंतीवरचा. एकाचा ठोकळा, दुसऱ्याचं तोंड, दोन्ही जोडायचे.

हे सोपं वाटतं. या चार्जरात तारा तीन असतात. दोन जाड, त्यांतून वीज जाते. तिसरी मधली, केसाएवढी. ती लॅपटॉपला सांगते की हा चार्जर आपला आहे. ती तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. ठोकळ्यातूनही तशीच बारीक तार निघत होती, म्हणून जोड जमण्यासारखा होता. जाड तारा त्यानं दुपारीच जोडल्या. मधली तार जुन्या वायरीत काळी पडली होती. काळ्या तांब्यावर सोल्डरचा डाग बसत नाही. ब्लेडनं खरवडली की तुटायची. तुटली की आणखी मागे कापायची, तिथे पुन्हा काळी. वायर आखूड होत चालली.

शिवाय बारीक आयर्न नव्हतं. पुतण्याला दिल्यावर उरलं होतं ते जहाजाच्या जाड केबलचं, टोक अंगठ्याएवढं. त्यानं डाग दिला की शेजारचं रबर वितळायचं. त्यानं तांब्याची एक तार घेतली, त्या टोकाला घट्ट गुंडाळली आणि पुढे सुईसारखी काढली. टोकाची उष्णता तारेत उतरते आणि बारीक काम होतं. मी हे आधी बघितलं नव्हतं. बघण्यासारखं होतं.

बुधवारी सकाळी मी गेलो तेव्हा तो त्याच जागी होता. लॅपटॉपची बॅटरी आकोयानं सरावात संपवली होती. यंत्र बंद पडून होतं. ती कागदावरून वाचत होती.

"पाद्रीबाबांकडे तसाच आहे," मी म्हणालो. "तूच दिलेला."

"दिलेला."

"मग जा. एका दिवसासाठी माग."

"दिलेलं परत मागायचं?"

"परत मागू नकोस. नव्यानं माग. ती मिरियाची बहीण आहे. मागितलं तर देईल."

त्यानं आयर्न बाजूला ठेवलं. "दादा, मी कुणाकडे काही मागितलेलं तुला आठवतं?"

"नाही."

"मग."

मिरिया आतून म्हणाली, "तुमची तोंडं चालू द्या. मी जाते."

"तू गेलीस तरी मागणं या घरातूनच गेलं, असंच होईल," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी करतोय ना."

"कौतूनाचे हात फक्त देतात," ती मला म्हणाली. "देवानं वळवायचे राहून गेले."

मी जाऊन मागतो म्हणालो. तो म्हणाला, गेलास तर उद्यापासून इथे बसू नकोस. मी बसलो.

आकोया म्हणाली, "आई, राहू दे. बाबा करतील." ती हे आईला म्हणाली, पण ते बापालाच बांधून ठेवणारं होतं. माझ्या मते तिला ते कळत नव्हतं. तिचा बापाच्या हातावर विश्वास होता. माझाही होता.

संध्याकाळी झालं. मधल्या तारेचा चांगला भाग निघाला, डाग बसला, त्यावर त्यानं नळी चढवली. लॅपटॉपला लावल्यावर पिवळा दिवा लागला आणि बॅटरी भरत असल्याची खूण आली. आकोया हसली. मिरियानं नवऱ्यापुढे भात ठेवला. मी डाग बघितला. चोख होता. त्या वायरीतून त्याहून जास्त कुणाला काढता आलं नसतं. वायर मात्र हातभरच उरली होती आणि ताठ झाली होती.

रात्र पडताच बेसोची वीज गेली. ती जातेच. परीक्षेच्या तोंडावर आली. म्हणजे बॅटरी भरली नाही, ओठ ओले करण्यापुरती भरली.

सकाळी सिग्नलसाठी सगळं मचाणावर आणलं. घरातून लांब वायर ओढून घेतली. आकोयानं केस बांधले, तिच्या आजीचा निळा ब्लाउज घातला. कौतूनानं प्लग लावला. दिवा लागला. खूण आली नाही. त्यानं प्लग जरा वर उचलला, खूण आली. सोडला, गेली. आखूड ताठ वायर आणताना वाकली होती आणि मधली तार नळीच्या पुढे, तिच्याच जुन्या काळ्या भागात, आतून तुटली होती. टोकं एकमेकांना टेकली की लागत होती. वीज मध्येच गेली तर भिस्त बॅटरीवरच, म्हणून ती भरत राहायला हवी होती.

वेळ नव्हता. परीक्षेचा नियम असा की खोलीत दुसरं माणूस दिसायला नको. कौतूना मचाणाखाली गेला. तिथे नारळाच्या करवंट्या, कोंबड्या, ओली वाळू. तो उताणा पडला आणि दोन फळ्यांच्या फटीतून हात वर काढला. आकोयानं लॅपटॉप त्या फटीपाशी सरकवला. त्यानं अंगठ्यानं आणि बोटानं प्लग धरला, थोडा वर, थोडा डावीकडे. खूण आली.

"आली," ती म्हणाली.

"हलू नकोस मग. सुरू कर."

मी आणि मिरिया घराच्या दारात बसलो. तिथून मुलीचा चेहरा दिसत होता आणि खाली बापाचे पाय. मिरियानं कोंबड्यांना काठीनं हाकलून आणलं आणि पंखांना धरून मांडीवर घेऊन बसली, आवाज नको म्हणून. शेजारची मुलं तिनं नुसतं बघूनच पळवली. आकोया वाचत होती, टाइप करत होती. कौतूनाच्या पायावर माश्या बसत होत्या, त्यानं पाय हलवले नाहीत. हात वर धरून ठेवणं काय असतं ते मला माहीत आहे. मी बोटीच्या तळाला पडून वेल्डिंग केलं आहे. थोड्या वेळानं हात आपला राहत नाही. मग खांदा पेटतो. मग बोटं आहेत की नाहीत ते कळत नाही. त्याचा हात फटीत तसाच होता.

तिचं लिहायचं झालं. ऐकायचं झालं. मग ती सरळ बसली आणि घसा साफ केला. आता बोलायचं होतं. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग इंग्रजीत म्हणाली की मी माझ्या आजीची काळजी घेतली. एवढं मला समजलं.

त्याच वेळी शेजारच्या घरातला पंखा थांबला. त्यांच्या रेडिओचा आवाजही गेला.

आकोया बोलत राहिली. जुनी बॅटरी यंत्र चालू असताना फार हळू भरायची; तिच्यात थोडंच होतं. ती थोडं भरभर बोलायला लागली. कौतूनाला खाली काही कळलं नव्हतं, त्याचा हात प्लग धरून होता, ज्यातून आता काहीच येत नव्हतं. मग ती अर्ध्या वाक्यात थांबली. पडदा काळा झाला होता. काळ्या पडद्यात तिला स्वतःचा चेहरा दिसत असणार, कारण ती त्याच्याकडे बघत बसली.

"काय झालं?" खालून आवाज आला.

"लाइट गेली, बाबा."

हात काढायला त्याला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली. बाहेर आला तेव्हा पाठीला वाळू होती आणि बोटं तशीच वाकलेली होती, प्लग धरल्यासारखी. मिरियानं कोंबड्या सोडल्या. ती त्याला काही बोलेल असं मला वाटलं. तिनं त्याच्या पाठीवरची वाळू झटकली.

आकोयानं फोनवरून त्यांना लिहिलं. उत्तर आलं, परीक्षा दिल्याचं धरलं आहे, पूर्ण न झाल्यामुळे निकाल नाही. भाषा नम्र होती.

चांगला चार्जर असता तर बॅटरी मंगळवारपासूनच भरलेली असती आणि वीज गेली तरी बोलणं पार पडलं असतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आकोया मासे साफ करायच्या कारखान्यात लागली. पांढरे बूट, डोक्याला जाळी. घरी येते तेव्हा हात गार असतात.

काएवा नाताळाच्या स्पर्धेला आली. मंडळाचा दुसरा नंबर आला. दुसऱ्या दिवशी ती बाबाईच्या, म्हणजे दलदलीतल्या अळूच्या, कंदांची पिशवी घेऊन कौतूनाकडे आली, आणि वर प्लॅस्टिकमध्ये आणि मग कापडात गुंडाळलेला चार्जर.

"मंडळाला नवा मिळाला," ती म्हणाली. "हा म्हटलं तुझ्याकडे असू दे. तुझ्याकडे आलेल्या कुणाला तरी लागेल. पोर कुठाय?"

"कारखान्यात," मिरिया म्हणाली.

"कारखान्यात कशाला? ती शिकलेली."

मग मिरियानं सांगितलं. मी तिला इतक्या सावकाश बोलताना ऐकलं नव्हतं. परीक्षा, चार्जर, मधली तार, मचाणाखालचा हात. काएवा ऐकत होती. तिचा मोठा आवाज कुठे गेला ते कळलं नाही.

"मी मागायला आले तेव्हा ती इथेच बसली होती," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही सगळे बसला होतात. तू पण होतास, म्हाताऱ्या. कुणी तोंड उघडलं नाही."

"तू मागितलंस, आक्का," कौतूना म्हणाला.

"मागितलं. मागणारच. तू माझा भाऊ आहेस. पण तू म्हणाला असतास की आक्का, गुरुवारनंतर ने, तर मी काय तुझ्या दारात उपाशी बसले असते? त्या पोरीनं माझ्या आईचं सगळं काढलं. मी मायानाला गात बसले होते तेव्हा." ती थांबली. "तू मला परक्यासारखं दिलंस."

कौतूनानं मान खाली घातली. तिथे आईची चटई होती.

"घे हा," ती म्हणाली.

"तुला दिलाय तो."

"मला नको."

"दिलेला मी परत घेत नाही."

चार्जर दोघांच्या मध्ये पडून राहिला. काएवा उठली तेव्हाही तिथेच होता. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बाबाईचे कंद मिरियानं आत नेले. चार्जरला तिनं हात लावला नाही.

आकोया संध्याकाळी आली. चटईवर बघितलं. बूट धुतले, हात धुतले. चार्जर उचलला, कापडानं पिन पुसली, वायर सैल गुंडाळली आणि आतल्या पाण्याकडच्या खिळ्यावर तो टांगला.

तो अजून तिथेच आहे. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियानं पुन्हा मुली मागितल्या. मिरिया म्हणाली, नाव दे. आकोया म्हणाली, बघू. नाव दिलं की नाही, ते मी विचारलं नाही. लॅपटॉप पेटीत आहे.

कौतूनाकडे लोक येतात. चार्जर आणतात, तो कुठल्या भिंतीवर होता विचारतो, दुरुस्त करून देतो. मागायला मात्र फार कमी जण येतात. गोष्ट बेसोभर झाली आहे. मागताना माणसं आता आधी आकोया कुठे बसली आहे ते बघतात, आणि न मागता उठून जातात. पाद्रीबाबांची बायको एकदा मागून नेलेला चार्जर परत द्यायला आली होती. वर्षभर वापरलाच नव्हता म्हणाली. त्यानं तिला पाणी दिलं आणि चार्जर परत दिला.

कधीकधी काम नसलं की तो खिळ्यावरचा चार्जर उतरवतो. पिन घासून स्वच्छ करतो. भिंतीत लावून मीटरची टोकं गोल तोंडाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला टेकवतो आणि मीटर माझ्यासमोर धरतो, कारण मला लांबचं दिसत नाही.

"साडेएकोणीस व्होल्ट," मी वाचतो.

"बरोबर आहेत," तो म्हणतो.

मग वायर सैल गुंडाळतो आणि परत टांगतो.